साचलेल्या गरम पाण्याची निगा

माननीय संपादक यांस,
सप्रेम नमस्कार वि. वि.

दापोलीहून गुहागरकडे किनाऱ्याच्या रस्त्याने निघाले की 'घरगुती जेवण', 'ताजी मासळी', 'समुद्रदर्शन' अशा पाट्या पूर्वीपासून दिसतात. गेल्या काही वर्षांत त्यांच्या जोडीला 'प्रायव्हेट जकूझी' ही पाटीही दिसू लागली आहे. मी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत शिल्प निदेशक म्हणून ३१ वर्षे मोटारी आणि पंप यांचे काम शिकवले. निवृत्तीनंतर मुलाने घरालगतच्या चार खोल्यांत पर्यटकांच्या राहण्याची सोय केली आणि २०२१ च्या हिवाळ्यात आमच्याही परसात गरम पाण्याचा टब बसला. तो सांभाळताना जे शिकलो ते, आणि एकदा जी चूक आमच्या हातून घडली ती, आपल्या वाचकांपुढे ठेवावी म्हणून हे पत्र लिहीत आहे. टब नकोत असे माझे मुळीच म्हणणे नाही. हे यंत्र कोठून आले, कशासाठी तयार झाले आणि त्यातले पाणी आपल्या रोजच्या अंघोळीच्या पाण्यापेक्षा वेगळे का वागते, हे कोणी न सांगता ते घरोघरी बसू लागले आहे, ही माझी चिंता आहे.

जकूझी हे मुळात एक आडनाव आहे. इटलीच्या ईशान्य भागातील फ्रिउली प्रांतातून अमेरिकेत स्थायिक झालेले हे कुटुंब. भावंडे तेरा, त्यांतले सात भाऊ. या भावांनी १९१५ मध्ये कॅलिफोर्नियातील बर्कली येथे विमानाचे लाकडी पंखे बनवण्याचा कारखाना काढला आणि पुढे स्वतःचे विमानही तयार केले. १९२१ मध्ये त्यांच्या विमानाला अपघात झाला, त्यात जोकोंदो हा भाऊ दगावला आणि कुटुंबाने विमानाचा नाद सोडून दिला. हात मात्र यंत्रावर बसलेले होते. राकेले या भावाने १९२६ मध्ये खोल विहिरीतून पाणी उपसणारा जेट पंप तयार केला आणि कॅलिफोर्नियातील फळबागांना, शेतांना तो पाणी पुरवू लागला.

येथे कोकणातल्या वाचकाने क्षणभर थांबावे, कारण हा पंप त्याच्या ओळखीचा आहे. जमिनीवर बसवलेला पंप विहिरीतले पाणी ओढून वर घेतो तेव्हा त्याला हवेच्या दाबाची मर्यादा असते. कागदावर ती दहा मीटरच्या आसपास येते, प्रत्यक्षात सात-आठ मीटरवरच पंप हात टेकतो. सड्यावरच्या आणि डोंगरउतारावरच्या आपल्या विहिरी उन्हाळ्यात त्याहून खोल जातात. म्हणून वर काढलेल्या पाण्यातला काही भाग एका बारीक नळीने पुन्हा विहिरीत सोडायचा, तेथे तो अरुंद तोटीतून जोराने सुटू द्यायचा; तोटीच्या तोंडाशी दाब घटतो, भोवतालचे पाणी त्या झोताकडे ओढले जाते आणि दोन्ही मिळून जाड नळीने वर येतात. पाणबुडी पंप सर्रास होण्यापूर्वी आमच्या वाडीत कोणत्याही विहिरीच्या काठावरून वाकून पाहिले की आत उतरलेल्या दोन नळ्या, एक जाड आणि एक बारीक, दिसत असत. एवढ्या कष्टाने वर आणलेले पाणी पुन्हा खाली कशाला सोडायचे, हा प्रश्न माझ्या वर्गातला एखादा मुलगा दरवर्षी विचारायचा, आणि तोटीचा कटसेक्शन, म्हणजे आतली रचना दिसावी असा कापलेला नमुना, हातात दिल्यावर त्याचा चेहरा उजळायचा. शिकवण्याच्या कामातला तो माझा सर्वांत आवडता दिवस.

हा पंप न्हाणीत आला तो एका मुलाच्या दुखण्यापायी. धाकटे भाऊ कांदिदो यांचा मुलगा केनेथ १९४१ मध्ये जन्मला आणि अगदी लहानपणीच त्याला सांधे आखडवणारा संधिवात जडला. रुग्णालयात ढवळलेल्या गरम पाण्याच्या टाकीत बसवले की त्याला आराम पडे. पण हा उपचार रोज मिळत नसे आणि मधल्या दिवसांत सांधे पुन्हा धरत. बाप पंपाच्या कारखान्यातला. रुग्णालयातले ढवळते पाणी घरच्या टबात का आणता येऊ नये, असा विचार करून १९४८ च्या सुमारास कारखान्यातल्या माणसांनी टबात सोडता येईल असा एक सुटा पंप तयार केला. तत्त्व विहिरीचेच, फरक एवढाच की येथे झोत पाण्याऐवजी हवा ओढून घेतो, आणि बुडबुडे मिसळलेले पाणी अंगावर जोराने येते. गरम पाण्याने लुळ्या वा आखडलेल्या अवयवांना आराम देण्याची कल्पना तेव्हा अमेरिकेत चांगली परिचित होती. पोलिओने पाय गेलेले फ्रँकलिन रूझवेल्ट १९२४ पासून जॉर्जिया राज्यातील वॉर्म स्प्रिंग्ज येथील झऱ्यावर जात असत आणि पुढे त्यांनी ती जागा विकत घेऊन तेथे उपचारकेंद्र उभारले, हे सर्वांना माहीत होते.

हा सुटा पंप पुढच्या दशकात बाजारात आला, तेव्हा तोही उपचाराचे साधन म्हणूनच. मग जाहिराती दमलेल्या गृहिणीला उद्देशून होऊ लागल्या, दूरचित्रवाणीवरच्या कार्यक्रमात तो बक्षीस म्हणून दिला जाऊ लागला आणि हळूहळू रुग्णाची वस्तू विसाव्याची वस्तू झाली. १९६८ मध्ये पुढच्या पिढीतल्या रॉय जकूझी यांनी पंप आणि तोट्या टबाच्या भिंतीतच बसवल्या. 'रोमन' असे नाव दिलेला हा टब इतका गाजला की कुटुंबाचे आडनाव वस्तूचे नाव होऊन बसले. तरीही हा टब अंघोळीचाच होता हे ध्यानात ठेवले पाहिजे. माणूस उतरला, बाहेर आला, बूच काढले, पाणी गेले. दुसऱ्यासाठी नवे पाणी.

आज आपल्याकडे बसतो तो टब दुसऱ्या वाटेने आला आहे. साठ-सत्तरच्या दशकांत कॅलिफोर्नियातल्या लोकांनी द्राक्षमद्याची मोठी लाकडी पिंपे परसात मांडली, त्यांत गरम पाणी भरले आणि संध्याकाळी चार मित्रांनी त्यात गळ्यापर्यंत बसावे अशी रीत पाडली. जपानमधल्या 'फुरो' या खोल लाकडी टबाची ओळख तेथे झालेली होतीच. जपानी माणूस मात्र त्या टबात उतरण्यापूर्वी बाहेर बसून साबण लावून स्वच्छ अंघोळ करतो. पाण्यात जातो ते फक्त उबेसाठी, आणि म्हणूनच घरातल्या सगळ्यांना एकच पाणी चालते. पिंपातले पाणी रोज बदलणे परवडेना, तेव्हा त्याला गाळणी आली, हीटर आला, क्लोरीन आले, आणि जकूझींच्या तोट्याही आल्या. लाकडाच्या फटींत घाण धरते, फळ्या वाळल्या की गळतात, म्हणून लाकडाच्या जागी फायबरग्लास आणि पुढे अ‍ॅक्रिलिकचे कवच आले. त्यानंतर पंप, हीटर, गाळणी सगळे एकाच खोक्यात बसवून कोठेही ठेवता येईल असे टब निघाले, अलीकडे हवा भरून फुगवायचेही निघाले. २०२० च्या साथीत लोक घरात अडकले, प्रवास थांबले, तेव्हा युरोप-अमेरिकेत या टबांची मागणी एकदम वाढली. आपल्याकडे साथ ओसरल्यावर मुंबई-पुण्याचे पर्यटक किनाऱ्याकडे येऊ लागले ते ही मागणी घेऊनच. आमच्या मुलाला पहिल्या हंगामात दहांतले चार फोन तरी 'टब आहे का?' असे विचारणारे आले.

आता मुख्य गोष्ट. आपल्या अंघोळीचा सारा संस्कार वाहत्या पाण्याचा आहे. आमच्या जुन्या न्हाणीत चुलवणावर तांब्याचा हंडा असे, शेजारी डोण गार पाण्याने भरलेली असे, आणि प्रत्येकाने आपल्यापुरते विसण घालून तांब्याने पाणी अंगावर घ्यायचे. अंगावरून उतरलेले पाणी मोरीतून पाटाने मागीलदारी अळवाच्या वाफ्यात, तेथून केळीच्या आळ्यात आणि उरलेच तर माडाच्या मुळाशी जाई. बाळंतिणीला शेक दिला तरी पाणी ओतूनच, दिवाळीचे अभ्यंगस्नान झाले तरी ओतूनच. एकदा वापरलेले पाणी पुन्हा अंगावर घेण्याचा प्रसंग आपल्यावर आलाच नाही, त्यामुळे साठवलेल्या गरम पाण्याला काय लागते हे आपल्या आज्या-पणज्यांनी आपल्याला शिकवलेले नाही. त्यांच्याकडे ते शिकवण्यासारखे नव्हतेच.

गरम पाण्यात बसणे कोकणाला अनोळखी आहे, असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. पालघर जिल्ह्यापासून राजापूरपर्यंत उष्णोदकाच्या झऱ्यांची माळच आपल्याकडे आहे. वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरी, पालीजवळचे उन्हेरे, महाडजवळचे सव, आमच्या दापोली तालुक्यातले उन्हवरे, संगमेश्वराकडचे आरवली, तुरळ आणि राजवाडी, राजापूरचे उन्हाळे. उन्हेरे, उन्हवरे, उन्हाळे या गावांच्या नावांतच ऊन पाणी आहे. येथे कोठे जागृत ज्वालामुखी नाही. पावसाचे पाणी खडकाच्या भेगांतून खूप खोल जाते, तेथे तापते आणि दुसऱ्या भेगेने वर येते. उन्हवऱ्याचे पाणी मुळाशी सत्तर अंशांच्या आसपास तापलेले असते, त्याला गंधकाचा वास येतो, आणि गुडघे धरलेली, खरूज झालेली माणसे तेथे पिढ्यान्‌पिढ्या जात आली आहेत. माझ्या वडिलांचा हात धरून मी तेथे प्रथम गेलो तेव्हा सहा-सात वर्षांचा होतो आणि वाफाळत्या पाण्यात पाय घालायला तयार नव्हतो, हे मला आजही आठवते. पण या कुंडांतही पाणी साचून राहत नाही. खालून नवे येते, वरून जुने वाहून जाते. झरा स्वतःच कुंड धूत असतो. परसातल्या टबाला असा झरा नसतो, त्याचे काम माणसाने करावे लागते.

ते काम किती मोठे आहे याचा अंदाज एका हिशेबावरून येईल. चार-पाच माणसांच्या टबात साधारण १,२०० लिटर पाणी मावते. त्यात चार जण बसले म्हणजे माणशी ३०० लिटर. पंचवीस मीटर लांब, दहा मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल अशा पोहण्याच्या तलावात ३,७५,००० लिटर पाणी असते. माणशी तेवढेच पाणी धरायचे तर त्या तलावात एकाच वेळी १,२५० माणसे उतरवावी लागतील. शिवाय तलावाचे पाणी गार असते, टबाचे ३८-३९ अंशांवर. उष्णतेने आणि झोतातल्या हवेने क्लोरीन भराभर उडून जाते, आणि माणसांच्या घामाने, केसांतल्या खोबरेलाने, उन्हासाठी चोपडलेल्या मलमाने उरलेले खर्ची पडते. सकाळी पुरेसे असलेले क्लोरीन रात्री चार पाहुणे उठून गेल्यावर शून्यावर आलेले मी स्वतः मोजले आहे.

आमची चूक याच ठिकाणी झाली. टब बसवायला आलेल्या विक्रेत्याच्या माणसाने मुलाला सांगितले होते की आठवड्यातून एकदा पावडर टाकली की पुरे, बाकी सगळे यंत्रच करते. मी पंप जोडून दिला, विजेचे सारे तपासले, आणि पाण्याकडे पाहिले नाही. त्या डिसेंबरात सहा जणांचे एक कुटुंब तीन दिवस राहून गेले. ती मंडळी घरी पोचल्यावर दोन दिवसांनी फोन आला की त्यांच्या दोन मुलांच्या कमरेवर आणि मांड्यांवर लाल पुटकुळ्या उठल्या आहेत. ओला कपडा जेथे अंगाला चिकटून राहिला होता, नेमक्या तेथेच. डॉक्टरांनी केसांच्या मुळांना झालेला संसर्ग म्हणून सांगितले. अशा टबांतून होणारा हा संसर्ग जगभर माहीत आहे; त्याचा जंतू स्यूडोमोनास जातीचा, उबदार आणि क्लोरीन संपलेल्या पाण्यात वाढणारा. आठवड्याभरात मुले बरी झाली, त्यांच्या आईवडिलांनी आम्हाला एक शब्द वावगा बोलला नाही, आणि त्यामुळेच मला अधिक लागले.

फोन ठेवला आणि मी परसात गेलो. चाचणीची पट्टी पाण्यात बुडवून बाहेर काढली. क्लोरीनचा चौकोन जांभळा व्हायला हवा, तो पांढराच राहिला. पाणी दिसायला नितळ होते, तळाची प्रत्येक तोटी स्पष्ट दिसत होती. मग गाळणी उपसली. कागदी घड्यांचे ते नळकांडे उन्हाकडे धरले तर आरपार उजेडच येईना. घड्यांच्या आत समुद्राची वाळू, केस आणि तेलाचा थर बसला होता, आणि बोट फिरवले तर बुळबुळीत लागले. तो बुळबुळीतपणा म्हणजे जंतूंनी स्वतःभोवती धरलेले कवचच. त्याच्या आत क्लोरीन सहजासहजी पोचत नाही. त्या दिवशी टब रिकामा केला, नळ्यांतून जास्त ताकदीचे क्लोरीन फिरवले, नवी गाळणी घातली, आणि टबाशेजारच्या खांबाला एक वही बांधली. रोज सकाळी आणि पाहुणे उठल्यावर रात्री, अशी दोनदा त्यात नोंद होते. क्लोरीन दर दशलक्ष भागांत किमान ३, आम्लता (पीएच) ७.२ ते ७.८ यांच्यामध्ये, तापमान ४० अंशांच्या खाली. यांतले एकही बिघडलेले असेल तर झाकण उघडायचे नाही, पाहुणा कितीही रागावला तरी.

अंगावरच्या पुटकुळ्या हा त्यातला सौम्य प्रकार आहे. उबदार पाण्यात लीजनेला नावाचा जंतूही वाढतो आणि तोट्यांतून उडणाऱ्या बारीक तुषारांबरोबर श्वासातून फुप्फुसात जातो. नेदरलँड्समधील बोव्हेनकार्स्पेल येथे १९९९ मध्ये फुलांचे प्रदर्शन भरले होते. तेथे विक्रीसाठी मांडून चालू ठेवलेल्या टबातून ही लागण पसरली आणि किमान ३२ जण दगावले. ती माणसे टबात उतरलेली नव्हती, फुले पाहत शेजारून गेली होती. ओट्यावर टब आणि त्याच्याच बाजूला जेवणाची टेबले, अशी मांडणी मी आपल्याकडे दोन ठिकाणी पाहिली आहे.

पंप शिकवणारा म्हणून आणखी एक गोष्ट मला सांगितलीच पाहिजे. पंप जेवढ्या जोराने पाणी सोडतो, तेवढ्याच जोराने ते ओढूनही घेतो. अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांची सात वर्षांची नात २००२ मध्ये अशाच एका टबाच्या शोषणद्वाराला चिकटून बसली आणि बुडाली. त्यानंतर २००७ मध्ये तेथे तिच्या नावाने कायदा झाला आणि शोषणद्वारावर विशिष्ट घडणीची जाळी सक्तीची झाली. आपल्याकडे जाळी तुटली तर तिच्या जागी मोरीची साधी जाळी ठोकणारे मिस्त्री आहेत. लांब केसांच्या मुलीने पाण्यात डोके घातले तर त्याचा परिणाम काय होईल, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. विजेचेही तसेच. टबाच्या जोडणीवर ३० मिलिअँपिअर वीज गळताच पुरवठा तोडणारा गळतीचा स्विच हवाच, आणि त्याच्या जोडीला अर्थिंग खरे हवे. मे महिन्यात जांभा कोरडा ठणठणीत होतो, कोळसा-मीठ घालून केलेला अर्थिंगचा खड्डाही सुकतो आणि तार नुसती नावाला जमिनीत राहते. त्या खड्ड्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओतावे लागते. पावसाळ्यात याच्या उलट अडचण. निसर्ग चक्रीवादळात आमची वाडी कित्येक दिवस अंधारात होती, ती गोष्ट मोठी. पण एरवीही जुलैत दीड-दोन दिवस वीज जाणे नवे नाही. पंप थांबला, गाळणी थांबली, पाणी मात्र झाकणाखाली कोमट राहिले, म्हणजे जंतूंना हवी तशी जागा झाली. वीज आल्यावर आधी क्लोरीन, मग पट्टी, मग माणूस.

मुलाचा पहिला विचार टब गच्चीवर ठेवण्याचा होता, कारण तेथून समुद्र दिसतो. मी त्याला कागदावर बेरीज करून दाखवली. पाणी १,२०० किलो, रिकामा टब अडीचशे, चार माणसे अडीचशेच्या वर. दोन मीटर चौरस जागेवर एकूण सतराशे किलो, म्हणजे दर चौरस मीटरला सव्वाचारशे. भारतीय मानकाप्रमाणे राहत्या खोलीचा स्लॅब दर चौरस मीटरला २ किलोन्यूटन, साधारण दोनशे किलो, इतका वावराचा भार धरून आखतात, आणि गच्चीचा त्याहूनही कमी. टब परसात जांभ्याच्या चौथऱ्यावर बसला. समुद्र दिसत नाही, पण गाज ऐकू येते, आणि पाहुण्यांनी अद्याप तक्रार केलेली नाही.

पाण्याचा प्रश्न मात्र मला सर्वांत जड वाटतो. साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पाहणाऱ्या या मुलखात एप्रिल उजाडला की सड्यावरच्या वाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते, कारण जांभा पाणी धरून ठेवत नाही. एका टबाचे १,२०० लिटर म्हणजे चार-पाच माणसांच्या घराचे दोन-तीन दिवसांचे पाणी. ते चांगले राखले तर घरच्या वापरात तीन महिने टिकते. पाहुण्यांचा राबता असेल तर महिन्याच्या आत बदलावे लागते. आणि निगा न ठेवणारा ते दर आठवड्याला फेकून देतो. म्हणून निगा राखणे हे आरोग्याइतकेच शेजाऱ्याच्या विहिरीसाठीही आहे. तेवढे पाणी २७ अंशांवरून ३९ अंशांवर न्यायला हिशेबाने सतरा युनिट वीज लागते, तीही प्रत्येक भरण्याला नव्याने. फेकण्याच्या पाण्याचेही पाहावे लागते. क्लोरीनचे पाणी तसेच पऱ्यात सोडले तर मासे मरतात, वाफ्यात सोडले तर अळू करपते. आम्ही झाकण काढून दोन-तीन दिवस उन्हात ठेवतो, पट्टीवर क्लोरीन शून्य दिसले की मगच माडांना देतो. पाण्यात मीठ घालून त्यापासून क्लोरीन तयार करणाऱ्या टबाचे पाणी मात्र झाडांना देऊच नये. एप्रिल आणि मे हे दोन महिने आमचा टब रिकामा असतो. त्याने आमचे उत्पन्न थोडे कमी होते, पण वाडीतल्या बाया कळश्या घेऊन उभ्या असताना मला तो भरवत नाही.

या यंत्राचा उपयोग मी रोज डोळ्यांनी पाहतो, म्हणून ते टिकावे असे मला वाटते. माझ्या पत्नीचे दोन्ही गुडघे धरलेले आहेत. डॉक्टरांना विचारून, रक्तदाब पाहून, ती हिवाळ्यात संध्याकाळी पंधरा मिनिटे त्यात बसते. मानेपर्यंत पाण्यात बसलेल्या माणसाचे वजन पाण्याबाहेरच्या वजनाच्या एक दशांशावर येते. सांध्यावरचा भार उतरतो, उबेने स्नायू सैलावतात, आणि जमिनीवर न वाकणारा गुडघा पाण्यात वाकतो. दुखणे बरे होत नाही, पण त्या रात्री तिला झोप लागते. केनेथच्या वडिलांनी ज्यासाठी खटाटोप केला ते हेच. हृदयविकार असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्यात उतरू नये, आणि मद्य घेऊन तर कोणीच उतरू नये, कारण उबेने रक्तवाहिन्या पसरतात, रक्तदाब उतरतो आणि माणूस बसल्या जागी घेरी येऊन पाण्यात जाऊ शकतो. आमच्याकडे हा नियम भिंतीवर मराठीत लिहून लावला आहे.

माझी विनंती दोन ठिकाणी आहे. निवास-न्याहारीच्या घरांची नोंदणी करताना खोल्या, शौचालये, पार्किंग यांची विचारणा होते. टब असेल तर रोजच्या नोंदींची वही, शोषणद्वाराची जाळी, गळतीचा स्विच आणि पाणी कोणत्या विहिरीचे, एवढे विचारण्यास वेगळी यंत्रणा लागणार नाही. आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी वीजतंत्री व नळ कारागीर या व्यवसायांच्या मुलांना आठवडाभराचा तरी टबाच्या देखभालीचा पाठ द्यावा. आज किनाऱ्यावर टब बसवणारा माणूस मुंबईहून येतो आणि बसवून निघून जातो. मागे राहणारे काम आपल्या तालुक्यातल्या मुलांचे आहे, आणि जेट पंप ज्यांना समजतो त्यांना ते शिकायला फार वेळ लागणार नाही. त्याच बरोबर उन्हवऱ्यासारख्या कुंडांकडे जाणारे रस्ते, तेथली कपडे बदलण्याची जागा आणि कुंडाच्या कडेचा निसरडा थर यांकडेही कोणी पाहावे. टब घेणे ज्यांना परवडत नाही, त्यांच्या गुडघ्यांना आजही तेच पाणी आहे.

एप्रिल-मे सोडून आमच्या टबाचे पाणी दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी बदलले जाते. दापोली, मंडणगड, गुहागर तालुक्यांतील ज्या घरमालकांना गाळणी कशी धुवायची, पट्टी कशी वाचायची आणि नळ्या आतून कशा साफ करायच्या हे प्रत्यक्ष पाहायचे असेल, त्यांनी आपल्या कार्यालयामार्फत कळवावे. सकाळी आठपासून मी परसात असतो, आणि वही पहिल्या पानापासून, त्या डिसेंबरच्या नोंदीसह, कोणालाही वाचायला मिळेल.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिल्प निदेशक
ता. दापोली, जि. रत्नागिरी